जुन्या इंग्रजी पेपरात 'कॉम्प्युटर' हा शब्द कसा शोधायचा आणि कसा वाचायचा

आमच्या आजोबांच्या पेन्शनच्या फायलीत एक पिवळा पडलेला कागद आहे. नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, पदनाम असे रकाने आहेत आणि पदनामाच्या पुढे इंग्रजीत टाइप केलंय, कॉम्प्युटर. आजोबा १९६७ साली रिटायर झाले. त्यांच्या ऑफिसात विजेवर चालणारी वस्तू म्हणजे पंखे आणि दिवे, बाकी सगळं हिशेबाच्या लेजर वह्या, शाईची दौत आणि हँडल फिरवून चालणारं एक आकडेमोडीचं मशीन. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं की टायपिस्टने काहीतरी भलतंच टाइप केलंय. आजी मात्र ठाम होती, "अगं ते कॉम्प्युटरच होते, हिशेबाला बसायचे."

आजीचंच बरोबर होतं. कॉम्प्युटर हे माणसाचं पद होतं, आणि ते काही आपल्याकडच्या एखाद्या ऑफिसापुरतं नव्हतं, लंडन, बोस्टन, वॉशिंग्टन, कलकत्ता सगळीकडे होतं आणि दोनशेच्या वर वर्षं होतं. इंग्रजीत हा शब्द छापलेला सापडतो तो १६१३ पासून आणि तिथे तो हिशेब करणाऱ्या माणसासाठीच आहे. आपल्या जनगणनेच्या खात्यात तर हे पद अगदी अलीकडेपर्यंत होतं, फक्त स्पेलिंगमध्ये शेवटी ई-आर ऐवजी ओ-आर.

त्या एका कागदामुळे मी जुने इंग्रजी पेपर ऑनलाइन चाळायला लागले, सहा-सात वर्षं झाली, आणि आता बरेच जण विचारतात की एखादा शब्द जुन्या काळी कसा वापरायचे हे बघायचं असेल तर सुरुवात कुठून करायची. म्हणून हे लिहितेय. उदाहरण सगळीकडे कॉम्प्युटरचंच घेतलंय, कारण तो आपण रोज शंभर वेळा बोलतो आणि त्याचा अर्थ आपल्याला माहितीये अशी आपली पक्की खात्री असते. खरी अडचण तिथेच आहे. शब्द ओळखीचा असला की आपण तो वाचतच नाही, नुसता बघून पुढे जातो.

पायरी १ : आधी एक शब्द ठरवा आणि आपल्या डोक्यात काय आहे ते लिहून काढा

एकच शब्द घ्या. एकदम पाच शब्द घेतले की पहिल्याच रविवारी दमायला होतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहा की हा शब्द ऐकल्यावर तुमच्या डोळ्यासमोर काय येतं. मी लिहिलं होतं, टेबलावरचा स्क्रीन आणि कीबोर्ड. हे लिहून ठेवल्याने असं होतं की पुढे वाचताना आपण नकळत तेच चित्र जुन्या मजकुरात घुसवत असलो तर लगेच लक्षात येतं.

कॉम्प्युटर नको असेल तर टाइपरायटर घ्या, १८८० ते १९०० च्या अमेरिकन पेपरात टाइपरायटर म्हणजे मशीन पण आणि ते चालवणारी बाई पण, त्यामुळे वाक्यं वाचताना फार मजा येते. किंवा ब्रॉडकास्ट घ्या, रेडिओ यायच्या आधी तो शेतीच्या मासिकांमधला शब्द होता, बी पाभरीने न पेरता हाताने विस्कटून, फोकून पेरायचं त्याला ब्रॉडकास्ट म्हणायचे. आपल्याकडे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. किंवा सायंटिस्ट, हा शब्दच छापील स्वरूपात १८३४ मध्ये लंडनच्या 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' मध्ये आला, त्याच्या आधी न्यूटनला कोणी सायंटिस्ट म्हटलंच नव्हतं.

पायरी २ : कुठे शोधायचं

पैसे न भरता खूप काही मिळतं, हे आधी सांगते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' फुकट आहे, त्यात छोट्या छोट्या गावांचे पेपरसुद्धा आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' फुकट, न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' फुकट, सिंगापूरचं 'न्यूजपेपरएसजी' पण आहे. नवख्या माणसाने ट्रोव्हपासून सुरू करावं असं माझं मत, कारण तिथे डावीकडे मशीनने वाचलेला मजकूर आणि शेजारी मूळ पानाचा फोटो असं दोन्ही एकदम दिसतं, आणि मशीनने चुकीचं वाचलेलं असेल तर वाचकच ते दुरुस्त करू शकतात. हजारो लोक घरी बसून हे दुरुस्तीचं काम करतात, तुम्ही पण करू शकता.

ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह मोठं आहे पण बहुतेक पानांना पैसे पडतात. न्यूयॉर्क टाइम्सचे १८५१ पासूनचे जुने अंक त्यांच्या वर्गणीदारांना बघता येतात. मासिकांसाठी गूगल बुक्स बघा, 'पॉप्युलर सायन्स', 'पॉप्युलर मेकॅनिक्स', 'लाइफ' यांचे जुने अंक जाहिरातींसकट पूर्ण वाचता येतात, आणि जाहिराती फार महत्त्वाच्या, त्याबद्दल पुढे येतेच. इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या दोन्हीकडे बांधीव खंड आहेत.

पायरी ३ : सर्च टाकताना

नुसता शब्द टाकला तर लाखो निकाल येतात आणि त्यातले बहुतेक १९७० नंतरचे. म्हणून वर्षं कापून घ्या. दहा-दहा वर्षांचे तुकडे करा, १८५० ते १८५९, मग १८६० ते १८६९, असं. प्रत्येक तुकड्यातली वीस कात्रणं नीट वाचलीत तरी पुष्कळ झालं.

शब्द अवतरण चिन्हात टाका, नाहीतर साइट आपणहून कॉम्प्यूट, कॉम्प्युटेड, कॉम्प्युटेशन सगळंच गोळा करून देते. अनेकवचन वेगळं शोधा. ओ-आर वालं स्पेलिंग वेगळं शोधा. जुन्या पेपरांचे कॉलम अरुंद, त्यामुळे ओळीच्या शेवटी शब्द तुटतो, अर्धा वरच्या ओळीत आणि अर्धा खालच्या, तो कधी कधी सर्चला सापडतच नाही, म्हणून नुसतं 'प्युटर' एवढं अर्धं शोधून बघायला पण हरकत नाही.

आणि जोडीने शोधा, हे सगळ्यात उपयोगाचं. नुसतं कॉम्प्युटर नको, कॉम्प्युटर आणि वॉन्टेड. कॉम्प्युटर आणि ऑब्झर्व्हेटरी. कॉम्प्युटर आणि सॅलरी. कॉम्प्युटर आणि मिस, म्हणजे मिस अमुक तमुक, कारण या कामात बायका खूप होत्या. पगार, परीक्षा, लग्न, मृत्यू या गोष्टी माणसांच्या असतात, त्यांच्याबरोबर शब्द आला की तो माणसाबद्दल आहे हे जवळजवळ नक्की.

पायरी ४ : शेजारी बघा

आता खरं काम. कात्रण सापडलं की आपल्या शब्दावरून नजर काढा आणि त्याच्या आजूबाजूचे शब्द वाचा. क्रियापद कुठलं आहे, तो नेमला जातो की विकला जातो की बसवला जातो? त्याला पगार आहे की किंमत? बातमी कुठल्या पानावर आहे, नोकऱ्यांच्या, निधनाच्या, की मशिनरीच्या जाहिरातींच्या? आपल्याकडे एखाद्या नव्या माणसाची चौकशी करायची असली की आपण शेजारीपाजारीच विचारतो ना, तसंच.

एक कात्रण अगदी जवळून बघूया. न्यूयॉर्क टाइम्स, २ मे १८९२. छोटीशी बातमी आहे, शीर्षक इंग्रजीत 'अ कॉम्प्युटर वॉन्टेड', म्हणजे कॉम्प्युटर पाहिजे. आजच्या डोळ्याने वाचलं तर वाटेल कोणीतरी सेकंडहँड मशीन शोधतंय. आता एकेक शेजारी बघा. बातमी वॉशिंग्टनहून १ मे ची आहे. १८ मे रोजी सरकारी नोकरीची परीक्षा होणार, गरज पडली तर इतर शहरांतही होणार. नोकरी नॉटिकल अल्मनॅक ऑफिसात, म्हणजे जहाजांना दिशा काढायला लागणारं आकाशाचं वार्षिक पंचांग जिथे तयार होतं तिथे. जागा दोन, एक हजार डॉलरची आणि एक चौदाशेची. परीक्षेचे विषय बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि खगोलशास्त्र. फॉर्म कुठे मिळतील ते पण दिलंय. संपली बातमी.

परीक्षा, जागा, पगार, विषय, फॉर्म. पाच शेजारी, पाचही माणसाचे. शिवाय बातमी देणाऱ्याला कॉम्प्युटर म्हणजे काय हे कुठेही समजावून सांगावंसं वाटलेलं नाही. ही खूण लक्षात ठेवा. पेपरवाला जेव्हा शब्दाचा अर्थ सांगत बसत नाही तेव्हा समजायचं की त्या काळच्या वाचकाला तो नेहमीचाच होता.

आता त्याच पेपरात ५४ वर्षं पुढे या. १५ फेब्रुवारी १९४६ चा अंक, पहिलं पान. फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या एनिअॅक या आकडेमोडीच्या मशीनची बातमी, सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूबचं धूड. शीर्षकात 'इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर' असं आहे, आणि पुढे म्हटलंय की तो झरझर उत्तरं देतो. इथे इलेक्ट्रॉनिक हे विशेषण नीट बघा. ते लावावं लागलं कारण नुसतं कॉम्प्युटर म्हटलं असतं तर वाचकाच्या डोळ्यासमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस आला असता. आणि या मशीनवर कामाला ज्या सहाजणी निवडल्या त्या कोण, तर त्याआधी तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टकं करणाऱ्या, ज्यांचं पदनामच कॉम्प्युटर होतं. मला ही दोन कात्रणं शेजारी शेजारी ठेवून वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो, खरंच.

याच पायरीवर बायकांबद्दल लिहायलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये नॉटिकल अल्मनॅकचा पहिला अंक १७६७ चा, आणि त्याची आकडेमोड गावोगावच्या लोकांना घरी पाठवून करून घेत. लडलो नावाच्या गावात मेरी एडवर्ड्स नावाची बाई हे काम करायची, पण सुरुवातीला कागदावर नाव नवऱ्याचं. १७८४ मध्ये नवरा गेला तेव्हा काम खरं कोण करतंय ते उघड झालं आणि मग ते तिच्या नावावर झालं, पुढे तिच्या मुलीनेही तेच काम केलं. हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंगने १८८० च्या दशकापासून बायकांची मोठी टीमच ठेवली होती, विल्यमिना फ्लेमिंग ही आधी त्याच्या घरी कामाला होती आणि नंतर ताऱ्यांच्या वर्गीकरणात तिचं नाव झालं. हेन्रिएटा लेव्हिटचं १९१२ चं संशोधन तर आकाशातली अंतरं मोजायची चावीच ठरलं. या सगळ्यांना तेव्हाचे लोक कॉम्प्युटरच म्हणायचे. त्यामुळे जुन्या पेपरात या शब्दाबरोबर 'ती' असं सर्वनाम दिसलं तर चुकीचं वाचलं असं समजून पुढे जाऊ नका, थांबा आणि पूर्ण वाचा. तिथे एखादीचं आयुष्य असतं आणि बऱ्याचदा तेवढ्या चार ओळींतच असतं.

पायरी ५ : फसवणारी कात्रणं

हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिलं म्हणजे मशीनचं वाचन. पानाचा फोटो काढून मशीन अक्षरं ओळखतं, त्याला ओसीआर म्हणतात, आणि जुना कागद, फिकट शाई, झिजलेले छपाईचे खिळे असले की ते चुकतं. अमेरिकन पेपरात रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या पासवाल्या माणसाला कम्युटर म्हणतात, आणि कम्युटर व कॉम्प्युटर यांत इंग्रजीत एका अक्षराचा फरक. त्यामुळे सर्चच्या निकालात कॉम्प्युटर लोकांना गाडी उशिरा आल्याचा त्रास झाला असं काही दिसलं तर मूळ फोटो उघडून बघा, ते बिचारे कम्युटरच असणार. यावर उपाय एकच, मशीनने दिलेल्या मजकुरावर कधीही विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक वेळी फोटोतला शब्द स्वतःच्या डोळ्याने बघायचा. प्रत्येक वेळी.

दुसरं म्हणजे चुकीची तारीख. गूगल बुक्समध्ये एखादं मासिक १८९९ ला सुरू झालं असेल तर त्याचा १९८० चा खंडही कधी कधी १८९९ चाच दाखवतात. मी पहिल्या वर्षी अशीच एकदा फसले, १९०० च्या आधीच 'कॉम्प्युटर प्रोग्रॅम' असा शब्द सापडला म्हणून नाचायचीच बाकी होते, दोन दिवस सगळ्यांना फोन करून सांगितलं, मग वरची चार पानं उलटली तर तिथे टीव्हीची जाहिरात. तेव्हापासून मी आधी खंडाचं मुखपृष्ठ किंवा अंकावर छापलेली तारीख बघते आणि मगच वाचायला घेते. एनग्राम व्ह्यूअर म्हणून गूगलचं एक साधन आहे २०१० पासूनचं, शब्द कुठल्या वर्षी किती वापरला याची रेघ काढून दाखवतं, पण ते पुस्तकांवर चालतं आणि त्यातही ही तारखांची गडबड आहेच, शिवाय ती रेघ माणूस आणि मशीन यांत काही फरक करत नाही. अंदाज घ्यायला ठीक, पुरावा म्हणून नको.

तिसरं जास्त गंमतीचं. माणूसही नाही आणि आजचं मशीनही नाही, असा एक मधला गट आहे. १८९७ साली लंडनच्या 'इंजिनिअरिंग' या साप्ताहिकात कॉक्स नावाच्या गृहस्थांच्या एका साधनाला कॉम्प्युटर म्हटलंय, ते होतं गोल स्लाइड रूलसारखं काहीतरी, हातात धरून फिरवायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विमानविषयक मासिकांत फ्लाइट कॉम्प्युटर असं दिसलं की तो पण गोल स्लाइड रूलच, वैमानिक वाऱ्याचा आणि इंधनाचा हिशेब त्यावर करायचे, आजही पायलटच्या ट्रेनिंगला तो वापरतात. अमेरिकन पाणबुड्यांत टॉर्पेडो कुठे सोडायचा ते काढणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीलाही कॉम्प्युटर म्हणत.

आणि किराणा दुकानातला काटा! १९०० च्या आसपासच्या अमेरिकन पेपरात 'कॉम्प्युटिंग स्केल' च्या जाहिराती भरपूर दिसतात. मला आधी कळेचना की हे काय. तर दुकानदाराचा तराजू, पण वजन ठेवलं की भावाप्रमाणे पैसे किती झाले तेही काट्यावर दिसायचं. आपल्याकडे वाणी मनातल्या मनात पावणेदोन किलोचा हिशेब लावतो तो हिशेब तो काटा करायचा. ओहायो राज्यातल्या डेटन गावी कॉम्प्युटिंग स्केल कंपनी होती, ती १९११ मध्ये आणखी काही कंपन्यांबरोबर एकत्र झाली, त्या नव्या कंपनीच्या नावात कॉम्प्युटिंग, टॅब्युलेटिंग, रेकॉर्डिंग असे तीन शब्द होते, आणि १९२४ मध्ये तिनेच नाव बदलून आयबीएम घेतलं. म्हणून म्हणते जाहिराती सोडू नका, बातमीत जे मिळत नाही ते तिथे मिळतं.

पायरी ६ : अर्थ कुठे वळतो ते पकडा

अर्थ काही एका दिवसात बदलत नाही. १९४० ते १९६० ही वीस वर्षं सावकाश वाचा, वर्षावर्षाचे तुकडे करा.

यात दोन खुणा बघायच्या. एक, लोक नव्या वस्तूला काय काय म्हणून बघतात ते. १९४६ नंतर काही वर्षं पेपरांत 'इलेक्ट्रॉनिक ब्रेन', 'जायंट ब्रेन' असे शब्द सर्रास आहेत, म्हणजे कॉम्प्युटर हा शब्द अजून मशीनवर पक्का बसलेला नव्हता. मशीनच्या नावांकडे बघा. १९४४ चं हार्वर्डमधलं आयबीएमचं मशीन, नावात कॅल्क्युलेटर. १९४९ चं केंब्रिजचं एडसॅक, शेवटचं अक्षर कॅल्क्युलेटरचं. आणि आपल्या मुंबईत, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये बनवलेला टिफ्रॅक, १९६० मध्ये सुरू झाला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला नाव दिलं, त्यातही शेवटचा शब्द कॅल्क्युलेटरच आहे. तेव्हा आजोबा नोकरीत होते. म्हणजे त्याच राज्यात मशीनच्या नावात कॅल्क्युलेटर आणि माणसाचं पद कॉम्प्युटर, आज आपण बरोबर उलटं बोलतो.

दुसरी खूण जुन्या वस्तूला नवं विशेषण लागतं तेव्हाची. आमची आजी बाजारातून नुसती अंडी आणायची. पोल्ट्रीतली अंडी आली आणि मग जुनं अंडं 'गावठी अंडं' झालं. अंडं तेच, पण आता वेगळं सांगावं लागलं. तसंच इंग्रजीत 'ह्यूमन कॉम्प्युटर' हा शब्द कधी दिसायला लागतो ते बघा. इंग्रज गणितज्ञ अॅलन ट्युरिंगच्या १९३६ च्या प्रसिद्ध निबंधात कॉम्प्युटर म्हणजे सरळ माणूस, काही विशेषण लागत नाही. त्याच माणसाने १९५० मध्ये 'माइंड' या नियतकालिकात लिहिलं तेव्हा मशीन डिजिटल कॉम्प्युटर झालंय आणि माणसाला ह्यूमन कॉम्प्युटर म्हणावं लागतंय. चौदा वर्षं, एकच लेखक. याहून स्वच्छ पुरावा मला अजून मिळालेला नाही.

त्यानंतर फार वेळ घालवायची गरज नाही. ३ जानेवारी १९८३ च्या 'टाइम' च्या मुखपृष्ठावर वर्षाचा माणूस निवडायच्या जागी कॉम्प्युटर निवडलाय, तिथपर्यंत आलात की माणूस त्या शब्दातून जवळजवळ निघून गेलेला दिसतो. आपल्या सरकारी फायलींतून मात्र तो तेव्हाही गेला नव्हता.

पायरी ७ : आपल्या बाजूचे धागे

भारतातल्या इंग्रजी पेपरात आणि सरकारी अहवालांत शोधायचं असेल तर तीन ठिकाणी हमखास सापडतो, मोजणी खातं, वेधशाळा आणि आकडेवारी खातं. राधानाथ सिकदार १८३१ मध्ये भारताची जमीन मोजणाऱ्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कॉम्प्युटर म्हणून लागले आणि पुढे कलकत्त्याला चीफ कॉम्प्युटर झाले, १८५६ मध्ये जाहीर झालेली एव्हरेस्टची २९,००२ फूट उंची याच आकडेमोडीतून आलेली. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची, आपले केरोपंत छत्रे तरुणपणी तिथे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम करत होते आणि पुढे त्यांनी ग्रहांची कोष्टकं मराठीत आणली, म्हणजे कॉम्प्युटर लोकांचंच काम मराठीत केलं.

मराठी शब्दाचं काय, हे पण बघाच. गणक हा आपला जुना शब्द, त्याचा अर्थ गणित करणारा, ज्योतिषी. लेखक, गायक, चालक, गणक, सगळी माणसं. त्यालाच सं लावून संगणक केला आणि तो मशीनचा झाला, मध्ये काही काळ गणकयंत्र असंही म्हणायचे. प्रगणक मात्र अजून माणूसच आहे, जनगणनेला दारात येतो तो. इंग्रजीतल्या शब्दाने जो प्रवास केला तोच मराठीत झाला आणि आपण तो रोज तोंडात घोळवतो. असंच प्रिंटरचं. मशीन म्हणून आपण तो टेबलावर ठेवतो, पण कुठल्याही मराठी पेपरचं शेवटचं पान काढा, तळाला बारीक अक्षरात मुद्रक व प्रकाशक म्हणून माणसाचं नाव असतं, १८६७ च्या कायद्यापासून ते छापावं लागतं. तो जुना प्रिंटर तिथे अजून आहे.

ज्यांना पुढे जायचंय त्यांनी दोन भाषांचे पेपर बघावेत. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', ६ जानेवारी १८३२ पासून, एका कॉलमात इंग्रजी आणि शेजारच्या कॉलमात मराठी. १८६२ चं 'इंदुप्रकाश' पण दोन भाषांचं. इंग्रजी शब्दासमोर त्या काळच्या मराठी माणसाने काय शब्द ठेवला ते तिथल्या तिथे दिसतं, डिक्शनरी लागत नाही. सगळं ऑनलाइन नाही, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसारख्या ठिकाणी जाऊन बसावं लागतं, सकाळी लवकर जा आणि पेन्सिल न्या, जुन्या कागदाजवळ शाईचं पेन नको.

नोंदी ठेवताना

प्रत्येक कात्रणाला पेपरचं नाव, गाव, तारीख, पान आणि कॉलम लिहा, नुसती लिंक ठेवू नका, साइट बदलल्या की लिंक मरतात, माझ्या पहिल्या वर्षाच्या निम्म्या अशाच गेल्या. स्क्रीनशॉट घेताना फक्त ते वाक्य कापू नका, आजूबाजूचा कॉलम पण येऊ द्या, नाहीतर शेजारी हरवतात.

मी वहीत चार रकाने करते, माणूस, हातातलं साधन, मशीन आणि कळलं नाही. चौथा रकाना ठेवाच, आणि नवीन असताना तो सगळ्यात लांब असू द्या. त्यातलं कात्रण ओढूनताणून पहिल्या तीनमध्ये बसवायची घाई करू नका, सहा महिन्यांनी परत वाचलं की कधी कधी त्याच पानावरची दुसरी एखादी बातमी उलगडा करून देते. माझ्याकडे आत्ता त्या रकान्यात अकरा आहेत. त्यातलं एक १९०८ चं आहे, ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावच्या पेपरातलं, चार ओळींचं, कोणीतरी गाव सोडून चाललंय म्हणून चहापान ठेवलंय आणि नावापुढे कॉम्प्युटर असं लिहिलंय, पुढचा शब्द घडीवर आल्यामुळे वाचता येत नाही. मी दर दोन-तीन महिन्यांनी ते पान उघडून बघते, कोणी तो शब्द दुरुस्त केलाय का म्हणून.